काशीराम, स्मरणावरून

मुंबई, ता. २१ जानेवारी १९३४

ती. मालनताईस महिपतचा दंडवत.

तिळगुळाचा डबा पोचला. खोलीवरच्या भुतांनी अर्धा दारातच फस्त केला, उरलेला मी उशाखाली दडवला आणि आता उशीला मुंग्या आहेत. तेव्हा पुढच्या वेळी डबा लहान पाठव पण दोन पाठव.

आता बसून वाच. उभी असलीस तर खाली बस. माझं चित्र लागणार! विद्यापीठाने आपल्या इमारतीत चित्रांसाठी एक लांबलचक दालन केलंय, वरून काचेतून उजेड येतो. तिथलं हे पहिलंच प्रदर्शन. अट एकच, चित्र आजच्या माणसाचं हवं. देव नको, अप्सरा नको, तलवारी घेतलेले राजे नकोत. आमच्या चित्रशाळेतून कितीजणांनी चित्रं दिली आणि घेतली मोजकीच. त्यात तुझ्या भावाचं!

कुणाचं काढलं सांग? तुझ्या दिराचं. काशीदादाचं. पंचविशीचा गडी, गलबतावर उभा राहून दोर ओढतोय, डोक्याला लाल फडकं, भुवईवर ती खूण. मी दहा वर्षांचा असताना तुझ्याकडे राहायला आलो, तेव्हा त्याने मला खांद्यावर बसवून मांडवीच्या पाण्यात नेलं होतं. त्यानंतर सहा महिन्यांत तो आगबोटीवर गेला तो गेलाच. त्याचा एक फोटो नाही जगात. म्हणून म्हटलं, आपण काढू. अंगासाठी एक मॉडेल उभा केला होता, म्हणजे पैसे घेऊन आमच्यापुढे तासन् तास उभा राहणारा माणूस. चेहरा मात्र सगळा माझ्या डोक्यातला. प्रदर्शनाच्या छापील यादीत तसं घालायला लावलंय, ‘काशीराम, रत्नागिरीचा खलाशी. स्मरणावरून.’ मास्तर म्हणाले, महिपत, चेहऱ्याला जीव आहे.

एकच सांग. खूण उजव्या भुवईवर की डाव्या? मी उजवीवर काढली आहे.

मामंजींना आणि भाऊजींना नमस्कार. चिमावहिनीला सांग, तिचा माणूस आता विद्यापीठात शिकायला बसला.

तुझा
महिपत

*

मांडवी, रत्नागिरी, ता. ३० जानेवारी १९३४

चि. महिपतास मालनताईचा आशीर्वाद.

पत्र मोठ्याने वाचून झालं. आपल्याकडे पत्र आलं की आधी मामंजी ऐकतात, मग घर ऐकतं, मग शेजारची हमिदा कुंपणावरून ऐकते. तुझ्या मुंग्यांपर्यंत सगळे हसत होते. काशीभाऊजींचं नाव आलं आणि मामंजी उठून परसात गेले. बराच वेळ माडाशी उभे होते. पहिलीच वेळ बघ, त्यांना माझ्यासमोर डोळे पुसताना पाहिलं.

खूण उजव्याच भुवईवर. शाबास.

आता इकडचं. येत्या फाल्गुनात भाऊजींना जाऊन बारा वर्षं होतात. बारा वर्षांत चिठ्ठी नाही की निरोप नाही, तेव्हा मामंजींनी भटजींना विचारून पुतळा करायचं ठरवलंय. तुला ठाऊक नसेल. पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि रीतसर अग्नी देतात. मग तो माणूस गेला असं सगळ्यांनी धरायचं. दिवस करायचे, सुतक पाळायचं. चिमाचं कुंकू उतरेल. लग्न होऊन आली तेव्हा चौदाची होती पोर, नांदली म्हणशील तर चार महिने.

चिमा बरी आहे. हल्ली कामात असली की गुणगुणते. जास्त काय लिहू? माझ्या पत्रांची पाकिटं मामंजी स्वतः बंद करतात आणि बंद करायच्या आधी ‘ह्यां’ना वाचायला लावतात. तू हुशार आहेस, समजून घे.

पुतळ्याच्या दिवसाला ये म्हणणार नाही. तुझं प्रदर्शन आहे. अंगावर नीट कपडे घालून जा, रंगाचे डाग पडलेला तो सदरा नको.

तुझी
मालनताई

*

मुंबई, ता. १७ फेब्रुवारी १९३४

ती. मालनताईस,

थांबवा! पुतळा थांबवा! मामंजींना वेगळी तार केली आहे, ती आधी पोचेल. काशीदादा जिवंत आहे.

अक्षर सांभाळून घे, उभ्यानेच लिहितोय. काल दुपारी दालनात मी माझ्या चित्राशी उभा होतो. एक खलाशी आत आला, आपल्याकडचाच, जयगडचा गनी सारंग. विद्यापीठात त्याच्या साहेबाची काही चिठ्ठी द्यायला आला होता आणि दार उघडं दिसलं म्हणून डोकावला. फिरत फिरत माझ्या चित्रापाशी आला आणि हसायलाच लागला. म्हणाला, ‘अरे, हा इथं काय करतोय? ह्याला तर मी ओळखतो!’ मी म्हटलं, कसा? तर म्हणे, दोन वर्षांमागे एडनच्या गोदीत आम्ही एका बाकावर बसून बिडी ओढलीय, अगदी असाच, हेच डोळे, हेच तोंड. मी विचारलं, कोकणातलाच ना? म्हणाला, हो तर, बोलण्यावरून कोकणातलाच. मला तर रडूच कोसळलं. मास्तर आले, लोक जमले. एका वर्तमानपत्राचा माणूस होता, त्याने सगळं लिहून घेतलं.

नाव विचारलं का म्हणशील. त्याला आठवेना. गोदीत कोण कुणाचं नाव विचारतो? त्याची बोट आज सकाळी सुटली, आता चार महिने तो येत नाही. पण चेहरा ओळखला ना त्याने! माझ्या हाताने काढलेला चेहरा!

ताई, नुसता विचार कर. तुम्ही पानांचा माणूस करून जाळणार होतात आणि इथे माझ्या रंगांच्या माणसाने खरा माणूस शोधून दिला. चिमावहिनी बिचारी बारा वर्षं वाट बघत बसलीय. तिला सांग, कुंकू पुसायचं नाही आता. माझ्याकडून तिच्या हातात हिरव्या बांगड्या भर.

तुझा
महिपत

*

मांडवी, ता. ८ मार्च १९३४

महिपत,

हे पत्र हमिदाच्या हातून टाकतेय, घरात कुणालाही ठाऊक नाही. तेव्हा ह्याचं उत्तर हमिदाच्या पत्त्यावर पाठव आणि एकदा तरी नीट विचार करून पाठव.

तार आली त्या दिवशी मामंजींनी गावभर साखर वाटली. पळसाची पानं आणून ठेवली होती ती गाईपुढे टाकली. तू म्हणालास तशा हिरव्या बांगड्या भरल्या, चुडा नवा, साडी नवी. बायका येऊन चिमाची ओटी भरून गेल्या, तिच्या पाया पडल्या, म्हणाल्या, कुंकवाचं बळ हो! चिमा पाटावर बसली होती, हालत नव्हती. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ गार.

कुणी विचारलं होतं रे तुला?

आता ऐक, जे त्या वेळी लिहिता आलं नाही. जयगडचा रावजी माहीत आहे? मचवे बांधतो, आपल्या बंदरात डागडुजीला येतो. बायको वारली, एक लहान मुलगी आहे. तीन वर्षं तो चिमासाठी थांबलाय. आपल्यात विधवेचा पाट लागतो, त्यात कुणाला वावगं नाही. पण नवरा हयात असताना पाट लावायचा तर त्याने फारकत द्यायला हवी आणि जो माणूसच नाही त्याची फारकत कुठून आणायची? एकच वाट होती, पुतळा. पुतळा झाला असता, दिवस झाले असते, वर्षभराने रावजीने माणसं पाठवली असती. मामंजी ‘नको’ म्हणाले नसते, मी त्यांना ओळखते. म्हणून गुणगुणत होती ती. कुंकू उतरायची वाट बघत होती रे, वेड्या! आणि तुला वाटलं, नवऱ्याची वाट बघतेय.

आता गावाच्या लेखी तिचा नवरा जिवंत आहे. रावजीचं नाव काढणंसुद्धा पाप.

राग बाजूला ठेवून दोन गोष्टी विचारते. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास. मी भाऊजींना रोज दोन्ही वेळा ताटात वाढत होते, तरी मला आज त्यांचं तोंड डोळ्यांपुढे आणता येत नाही. चिमाला विचारलं, तर म्हणाली, ‘हात आठवतात, तोंड नाय आठवत.’ मग तुला कसं आठवलं? आणि दुसरं. चित्रातला माणूस पंचविशीचा आहे ना? भाऊजी आज बत्तिशीच्या पुढे असतील. तो सारंग म्हणतो अगदी असाच. एडनच्या उन्हात माणूस म्हातारा होत नाही काय?

चुकलं असेल तर आत्ता सांग. आत्ता सांगितलंस तर अजून सगळं सावरता येईल. रावजीच्या आईने त्याच्यामागे लग्नाचा लकडा लावलाय, पण अजून त्याने कुणाला होकार दिलेला नाही.

मालनताई

*

मुंबई, ता. २ एप्रिल १९३४

ती. मालनताईस,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. प्रदर्शनाची गडबड होती. चित्राला बक्षीस मिळालं आणि आता विद्यापीठ ते दालनासाठी कायमचं विकत घेतंय. वर्तमानपत्रात आलं होतं, ‘हरवलेल्या खलाशाचा चित्राने लावला शोध.’ कात्रण मामंजींना पाठवलं आहे.

तुझ्या प्रश्नांचं म्हणशील तर चित्रकाराची आठवण वेगळी असते. आपल्याला वाटतं विसरलो, पण हात विसरत नाही. वयाचं तू म्हणतेस ते खरं, पण काही माणसं तशीच राहतात. गनी सारंग जूनमध्ये येईल तेव्हा सगळं विचारून घेतो. तोवर घाई नको.

चिमावहिनीचं मला काहीच माहीत नव्हतं. वाईट वाटलं. पण खरोखरच काशीदादा परत आला तर? तेव्हा सगळेच म्हणतील, बरं झालं थांबलो.

महिपत

*

मांडवी, ता. २९ एप्रिल १९३४

चि. महिपतास आशीर्वाद.

तुझं उत्तर हमिदाकडे वाचलं, हेही तिच्याच हातून टाकतेय. दोनदा वाचलं. तू लहानपणी डब्यातले लाडू खाल्लेस की असंच बोलायचास, मोठमोठ्याने आणि दुसरीकडे बघत. पण मी काय करणार? घरच्या बाईने कुणापुढे जाऊन म्हणायचं की दीर जिवंत नाही, जाळा त्याला?

अक्षय्यतृतीयेला रावजीचं लग्न झालं. मुलगी राजापूरकडची, हौसा नावाची. त्याच्या आईने अन्नपाणी सोडलं होतं म्हणे. लग्नाआधी रावजी बंदरात आला होता. माझ्याशी बोलला, चिमाशी नाही. म्हणाला, ‘वयनी, त्यो जित्ता असंल तर मी कोन मधे येनारा?’ त्याचंही काय चुकलं?

चिमा त्या दिवशी शिंपल्या काढायला किनाऱ्यावरच्या खडपात गेली. संध्याकाळी टोपली भरून आणली. रडलीबिडली नाही. मला वाटत होतं, रडली तर बरं.

मामंजींना तुझं चित्र बघायचंय. त्यांनी ठरवलंच आहे. बोटी बंद व्हायच्या आत चिमाला घेऊन येतात. ‘सुनेला तिचा घो दाखवतो’ असं साऱ्या गावाला सांगत फिरताहेत. बंदरावर उतरवून घे. म्हाताऱ्याला गर्दीत धक्का लागू देऊ नकोस. आणि चिमाकडे सरळ बघ, दुसरीकडे नको.

मालनताई

*

मुंबई, ता. २० मे १९३४

ताई,

ती दोघं कालच्या बोटीने परत निघाली. ह्या पत्राआधीच पोचतील. पत्र हमिदाच्या पत्त्यावर टाकतोय. तुला सगळं सांगायचंय आणि ह्या वेळी काही लपवत नाही.

मी त्यांना दालनात घेऊन गेलो. मामंजींनी पायरीवर वहाणा काढल्या. शिपाई म्हणाला, असू द्या, तर म्हणाले, नको, पोराला भेटायला आलोय. आत इतकी चित्रं होती, कोळिणी, गिरणीवाले, वकील, कुणाकडे त्यांनी पाहिलं नाही. काशीदादापुढे उभे राहिले. मग हात लांब करून त्याच्या पायांच्या जागी टेकवला. शिपायाने ‘हात लावू नका’ म्हटलं नाही. ‘काशी,’ म्हणाले, ‘वाळलास रे. वेळेवर जेवत नाहीस काय?’ आणि त्याच्याशी बोलतच बसले. गावात कोण गेलं, कुणाला मुलगा झाला, आंब्याला ह्या वर्षी मोहोर कसा आला.

चिमावहिनी माझ्याजवळ उभी होती. चित्रातल्या हातांकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, ‘भाऊ, ह्ये हात त्येंचे न्हवंत. त्येंची करंगळी मोडल्याली व्हती.’

मी म्हटलं, हात मॉडेलचे आहेत, वहिनी, अंग सगळं त्याचंच आहे.

ती म्हणाली, ‘मंग तोंड कुनाचं?’

ताई, मी तुझं ऐकून तिच्याकडे सरळ बघत होतो.

तोंडही त्याचंच आहे. मी काशीदादाचा चेहरा काढायला बसायचो, दहा वर्षांच्या पोराला आठवतील तेवढे डोळे आणि हसू आठवायचो आणि पुढे तो माणूस उभा असायचा. जिथे आठवण संपायची तिथे माझी नजर उठून त्याच्यावर जायची. नाक त्याचं घेतलं, हनुवटी त्याची, हळूहळू डोळेसुद्धा. भुवईवर खूण केली आणि मला काशीदादा दिसायला लागला. खोटं बोलत होतो असं नाही, मला खरंच दिसत होता. तो मॉडेल प्रदर्शनाच्या वेळी गावी गेला होता. परत आला तेव्हा मी सहज गनी सारंगाचं नाव काढलं, तर म्हणाला, ‘गनीभाई? एडनला एका गोदीत होतो की आम्ही! बिड्या नेहमी त्याच्याच.’

हे मला रामनवमीच्या सुमारास कळलं. तुझं पत्र टेबलावर पडलं होतं, ‘आत्ता सांग’ म्हणून लिहिलेलं. रावजी अजून मोकळा होता. एका पोस्टकार्डाचं काम होतं आणि मी ते लिहिलं नाही. बक्षीस जाहीर झालं होतं, वर्तमानपत्रात आलं होतं, ‘स्मरणावरून’ म्हणून विद्यापीठ चित्र घेत होतं. मी स्वतःला म्हटलं, जून येऊ दे, मग बघू. तुला ते मोठमोठ्याने बोलणं लिहिलं. दुसऱ्या कुणाला कळलं नाही आणि तुला कळलं.

हे सगळं मी चिमावहिनीला तिथेच दालनात सांगितलं. म्हटलं, आत्ता मामंजींना सांगतो, पाया पडतो, पुतळा करायला लावतो. तिने माझं मनगट धरलं. तिकडे म्हातारा अजून आंब्याचंच सांगत होता. ती म्हणाली, ‘नको. आता सांगून माजं काय व्हनार हाय? रावजीच्या घरात हौसा नांदतेय. मी कुकू पुसून परत त्याच चुलीपुढं बसनार. म्हाताऱ्याला पोरगा गावलाय, त्यो दुसऱ्यांदा कशाला मारायचा?’ मी म्हटलं, वहिनी, माझ्यामुळे. ती म्हणाली, ‘व्हय, तुमच्यामुळं.’ नुसतं एवढंच. ओरडली असती तर मी उभा राहू शकलो असतो.

बाहेर पडताना मामंजींनी मला जवळ घेतलं. म्हणाले, महिपत, तुझे उपकार सात जन्म फिटायचे नाहीत. त्यांना एक लहान नक्कल हवी आहे, ओटीवर लावायला. करून देऊ का? तू सांगशील तसं करेन.

तुझा
महिपत

*

मांडवी, ता. ४ जून १९३४

चि. महिपतास आशीर्वाद.

शेवटची बोट उद्या सुटेल, तिने हे पत्र येईल, हमिदा नेऊन टाकतेय. पुढे पावसाळाभर टपाल घाटाने फिरत फिरत येणार, म्हणून आजच लिहिते.

तुला शिव्या द्यायला बसले होते. दोन कागद फाडले. मग वाटलं, तू माझाच भाऊ आहेस आणि तुझं चित्र लागलं तेव्हा अख्ख्या आळीत मीच सगळ्यांत जास्त मिरवले. सारंगाची गोष्ट मीही आधी खरीच धरली होती, निदान दोन दिवस. पण मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं, महिपत. तुला विचारलं होतं. ह्याच्यापुढे मला जाता येत नाही आणि तूही मला पुढे नेऊ नकोस.

नक्कल करून दे. मामंजी रोज ओटीवरची भिंत झाडून ठेवतात. वर्षं किती राहिलीत त्यांची? पोरगा परत येणार म्हणून दोन घास जास्त जेवतात. त्यांच्या मागे काय करायचं ते तेव्हा बघू. चिमा म्हणते, तेव्हाही काही करायचं नाही.

ती मुंबईहून आली ती पहिल्यासारखीच कामाला लागली. सकाळी न्हाऊन कुंकू लावते, सोमवार सोडत नाही, वटपौर्णिमा आली आहे तर सूत काढून ठेवलंय. काल मी म्हटलं, चिमे, हे कुणासाठी करतेस? तर सूत उचलून आत गेली. आता मी लिहीत बसलेय तर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, माझं पण दोन ओळी लिही. तिला अक्षर येत नाही, म्हणून तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिते:

‘महिपतभाऊंना चिमाचा नमस्कार. मी रागावल्याली नाय असं नाय, पन त्ये ऱ्हाऊ दे. येक इचारायचं ऱ्हायलं. त्यो जो तुमच्यापुढं उभा ऱ्हातो, त्याला काय म्हनत्यात? बाईनं घोवाचं नाव घ्यायचं नसतं, मला ठाऊक हाय, मी कंदी घेनार नाय. पन वडाला सूत गुंडाळताना मनात तरी कुनाचं धरू, येवढं कळवा.’